खुंटी, पेटी आणि किल्ली

चौथीतल्या मुलाने चित्रकलेच्या वहीत ‘माझे घर’ काढलं. तुळशीवृंदावन, दारातली मोटारसायकल, झोपाळ्यावर आजोबा. आजोबांच्या डोक्यावर खुंटी आणि खुंटीला बंदूक. इथवर ठीक होतं. पण बंदुकीखाली त्याने टेबलही काढलं होतं. टेबलाचा डावा खण उघडा आणि त्यात पाच लाल नळकांडी, प्रत्येकाच्या बुडाशी पिवळी पट्टी. बारा बोअरचं काडतूस अगदी असंच दिसतं. त्या खणाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली कुठे असते हे पोरांना ठाऊक नाही, अशी घरातल्या मोठ्यांची पक्की समजूत होती.

तळेगाव दाभाड्याच्या गावभागातलं हे घर आमच्या शेजारचंच. बंदूक दुनळी, चित्रातल्या आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या, वडिलांपासूनची. परवाना अण्णांच्या नावावर, रीतसर. सूनबाई शाळेत शिकवतात. त्यांचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या स्टोअरमधून निवृत्त झाले. नवरात्रातली अष्टमी होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमीला बंदूक खाली उतरणार, पुसली जाणार, पाटावर मांडली जाणार. सूनबाईंनी ती वही अण्णांच्या मांडीवर ठेवली आणि खर्चाचा हिशेब लिहायला मला बोलावलं. हिशेब कमी झाला, बोलणंच जास्त. जमेल तसं ते इथे मांडतो.

सून : अण्णा, बंदूक विकू नका. पण खुंटीवर नको.

अण्णा : अगं, चाळीस वर्षं तिथेच आहे. कधी काही झालं का?

सून : चाळीस वर्षांत घरात चौथीतलं पोर किती वर्षं होतं?

अण्णा : तुझा नवरा होता की! त्याने कधी हात लावला नाही. आमचा धाक होता.

सून : मी विचारलं त्यांना. सहावीत असताना एकदा स्टुलावर चढून चाप ओढून पाहिला होता, म्हणाले. तुम्ही शेतावर होता.

अण्णा गप्प झाले. मग वही दूर धरून चित्र पाहत म्हणाले, “पट्टी पिवळी काढलीय, बरोबर काढलीय.”

अण्णा : बरं, तुझं खरं मानू. पण बंदूक ठेवायची कशासाठी? वेळेला हाताशी असावी म्हणून. शेत आंदर मावळात. इंद्रायणी भाताचा दाणा भरला की रानडुकरं उतरतात, एका रात्रीत पट्टा आडवा करतात. पेटीत, कुलपात, सुट्टी करून ठेवलेली बंदूक म्हणजे विहिरीत टाकलेला दोर. तहान लागल्यावर खाली उतरायचं का?

सून : शेत इथून पंचवीस किलोमीटर. डुक्कर तळेगावच्या ओसरीवर येत नाही. शेतावर जायचंच झालं तर पेटी उघडायला पाच मिनिटं लागतील, पुढे गाडीला पाऊण तास. शिवाय डुक्कर वन्यजीव कायद्यात येतं. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला गोळी घालता येत नाही. परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही.

अण्णा : हवेत बार तर काढता येतो!

सून : फटाक्यानेही आवाज होतो, आणि फटाक्याला परवान्याचं नूतनीकरण लागत नाही.

अण्णा : आणि चोर? दरोडेखोर? २०२३ च्या मे महिन्यात याच गावात, नगरपरिषदेच्या कार्यालयाजवळ भर दिवसा माणसाला गोळ्या घालून, वार करून मारलं. सगळ्या गावाने पाहिलं. अशा काळात बंदूक कुलपात ठेव म्हणतेस?

सून : असा हल्ला दोन-चार श्वासांत उरकतो. तिथे घरच्या खुंटीवरची बंदूक काय करणार? आणि चोराचं म्हणाल तर चोर घरात माणसं नसताना येतो. भाच्याच्या लग्नाला आपण तीन दिवस कोल्हापूरला होतो. बंदूक इथेच खुंटीवर, काडतुसं खाली खणात. एक तोळा सोनं गेलं असतं तर आपण रडलो असतो. ही गेली असती तर रडणं पुढे, आधी पोलीस ठाणं. मग एखाद दिवशी कुठे गोळी सुटली तर तपास आपल्या दारात येणार. चोराच्या हाती लागलेली परवान्याची बंदूक त्याच क्षणी बेकायदेशीर होते.

अण्णा : हे सेनापती दाभाड्यांचं गाव आहे, पोरी. इथल्या घरात हत्यार शोभेला नव्हतं. इंग्रजांनी १८७८ चा कायदा करून आपल्या लोकांची हत्यारं काढून घेतली, गोऱ्यांना मात्र मोकळीक दिली. तेव्हापासून या देशात बंदूक म्हटली की पोलिसाआधी आपलीच माणसं घाबरतात.

सून : अभिमान मलाही आहे. बनेश्वराच्या देवळाकडे गेलं की उमाबाई दाभाड्यांची आठवण येतेच. पण त्यांचे चिरंजीव त्रिंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत कसे पडले? बंदुकीच्या गोळीने. आणि ती गोळी आपल्याच माणसाची होती असं सांगतात. मी त्यातून एवढंच घेते, की गोळी नातं विचारत नाही.

या वाक्यावर अण्णांनी झोपाळा थांबवला. रागावले नव्हते. सुनेने इतिहासात गाठलं याचं कौतुकच होतं थोडं. त्यांनी आता तिसरं शस्त्र काढलं, पैशाचं.

अण्णा : बंदुकीची तिजोरी बघून आलो होतो मी एकदा. वीस हजारांच्या पुढे! बंदूक विकायला काढली तर तेवढी येणार नाही. म्हशीपेक्षा दावं महाग. सोयाबीनचं काय झालं तुला ठाऊक आहे. पेन्शन तुझ्या वडलांना आहे, मला नाही.

सून : तिजोरी कोण मागतंय? बाबांना फोन केला होता मी. ते म्हणाले, कारखान्यात आम्ही महाग कुलपावर नाही, अंतरावर भरवसा ठेवायचो. जे एकत्र आल्यावर पेटतं ते एकत्र ठेवायचं नाही. बंदूक एकीकडे, काडतूस दुसरीकडे, किल्ली तिसरीकडे. अंतराला पैसे पडत नाहीत. भाऊ, लिहून घ्या.

मी वहीच्या मागच्या पानावर लिहू लागलो. दुनळीचा एक गुण सूनबाईंनी बरोबर हेरला होता. ती मोडते. म्हणजे मधोमध उघडते, आणि पुढचं लाकूड काढलं की नळ्या दस्त्यापासून वेगळ्या होतात. तीन तुकडे होतात आणि नळ्यांची लांबी अडीच फुटांच्या आत येते. एवढ्याला उभी तिजोरी लागत नाही, तीन फुटी पत्र्याची ट्रंक पुरते. तळेगावात कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळते, जत्रेत मिळते, कुणाच्या माळ्यावर फुकटही मिळते. मात्र ट्रंकेची मूळ कडी खिळ्यांनी ठोकलेली असते, एका पहारीने उचकटते. ती काढून वेल्डिंगवाल्याकडून जाड पट्टीचा कडी-कोयंडा बसवायचा, बिजागऱ्यांवरही चार टाके मारून घ्यायचे.

अण्णा : ट्रंक चोर खांद्यावर टाकून नेईल. कुलूप फोडायची पण गरज नाही.

सून : म्हणून ती जमिनीला बांधायची. पेटीच्या आतून तळाला चार भोकं पाडून फास्टनर मारायचे. नट आत राहिला म्हणजे पेटी उघडल्याशिवाय सुटत नाही.

अण्णा : कुठे मारणार? या भिंती बघ. दगड आणि माती. खिळा मारला तर मूठभर माती हातात येते. फास्टनर फुलायला सिमेंट लागतं.

हे अण्णांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. जुन्या वाड्यांच्या मातीत घातलेल्या दगडी भिंतीत फास्टनर धरत नाही. आज लावला तर उद्या बोटांनी निघतो. शेवटी दोघांचं एकमत झालं ते मागच्या पडवीतल्या खोलीवर. तिथे दहा वर्षांपूर्वी सिमेंटचा कोबा केला आहे. ती खोली रस्त्यावरून दिसत नाही आणि तिच्यात पोरांची खेळणी नसतात. जुन्याच भागात ठेवायची असेल तर भिंतीचा नाद सोडून सागवानी खांबाला आरपार बोल्ट मारावा, असं अण्णांनी मला लिहायला सांगितलं. हे वाचणाऱ्या एखाद्या वाडेवाल्याच्या उपयोगी पडेल, म्हणाले.

अण्णा : आणि गंज? आपल्याकडे चार महिने कपाटातल्या साड्यांना वास येतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथला दमटपणा आपल्याकडेही येतो. खुंटीवर निदान वारा तरी लागतो तिला.

सून : तुम्ही तिला मखमली गवसणीत ठेवता, अण्णा. कापड आणि चामडं ओलावा धरून ठेवतं. बाबा म्हणाले, गवसणी न्यायला-आणायला, ठेवायला नाही. नळीतून कोरडा फडका, मग तेलाचा हलका हात, पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या. बुटांच्या खोक्यात येतात त्या आपण फेकून देतो, पण बाजारात मोठ्या पिशव्याही स्वस्तात मिळतात. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडायची. हे तुम्हीच करायचं. परवाना तुमचा, हात तुमचा.

अण्णा : म्हणजे काम वाढलं.

सून : आजवर फक्त खंडेनवमीला काढत होता. तिच्याकडे लक्ष देणं वाढलं.

काडतुसांसाठी नवं काही घ्यायचंच नव्हतं. आतल्या खोलीत गोदरेजचं कपाट आहे. दूध संकलनाच्या दिवसांतली एक लोखंडी गल्लापेटी घरात पडून होती. ती कपाटात तळाला दोन बोल्टांनी बसवायची आणि तिला चार आकड्यांचं नंबरचं कुलूप लावायचं.

अण्णा : नंबरचं कुलूप चोर दोन मिनिटांत उघडतो.

सून : चोरासाठी कपाट आहे. हे कुलूप घरच्यांसाठी आहे.

अण्णा : घरच्यांसाठी म्हणजे पोरांसाठी?

सून काही बोलली नाही. तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि विषय बदलल्यासारखं करून मुंबईकडे वळली.

सून : १ ऑक्टोबर २०२४ ची बातमी आठवते? अभिनेता गोविंदा. पहाटे कोलकात्याला निघायचं होतं, परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, गोळी सुटली आणि स्वतःच्याच पायात घुसली. तिथे चोर नव्हता, पोर नव्हतं, पैशाची चणचणही नव्हती. फक्त ते भरलेलं होतं. बंदूक कितीही महाग कपाटात ठेवा, भरून ठेवली तर कपाट फुकट.

अण्णा : मी भरून ठेवत नाही.

सून : शेवटचं कधी मोडून पाहिलीत?

अण्णा उठले. खुंटीवरून बंदूक काढली, नळ्या भिंतीकडे केल्या, खटका दाबून मोडली. आधी डोळ्याने पाहिलं, मग करंगळी घालून दोन्ही घरं चाचपली. रिकामी होती. “बघ,” म्हणाले. पण ते करंगळी घालून पाहणं मला जास्त बोलकं वाटलं. माणसाला आपल्या आठवणीवर किती भरवसा आहे, ते अशा वेळी कळतं.

अण्णा : परदेशात घरोघरी असतात म्हणे. स्वित्झर्लंडमध्ये तर सैनिक रायफल घरी नेतात.

सून : नेतात. पण २००७ पासून त्यांना घरी ठेवायला काडतुसं देणं बंद केलं. रायफल घरी, काडतूस कोठारात. म्हणजे आपल्या गल्लापेटीचीच गोष्ट, मोठ्या प्रमाणावर.

अण्णा : मग सरळ जमा करून टाकू का? निवडणुकीला करतोच ना.

सून : तेही विचारात घ्या. २०२४ मध्ये दोन निवडणुका झाल्या, लोकसभा आणि विधानसभा. छाननी समितीने ज्यांना सांगितलं त्यांनी हत्यारं जमा केली. तुम्हालाही दोन्ही वेळा बोलावणं आलं. त्या महिन्यांत आपण झोपलो नाही का? परवानाधारक दुकानदाराकडेही थोड्या भाड्यात ठेवता येते, पावती मिळते. गावी लांब जायचं असेल, घरात आजारपण असेल, भांडण असेल, तर तेवढ्यापुरती तिकडे. ही सगळ्यात स्वस्त तिजोरी.

इथे थोडं कागदांचं बोलणं झालं. तळेगाव २०१८ च्या १५ ऑगस्टपासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आलं. पूर्वी परवान्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे होतं, आता शहरापुरतं ते आयुक्तांकडे गेलं. वडगाव, कामशेत, लोणावळा अजून पुणे ग्रामीणमध्ये. त्यामुळे एकाच तालुक्यात दोन दारं. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहू लागली. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याकडून सुरक्षित ठेवण्याची हमीही घ्यायला सुरुवात केली. अण्णांच्या मते ही हमी म्हणजे आणखी एक सही. सूनबाईंच्या मते ती सही करणाऱ्याने एकदा आपल्या खुंटीकडे पाहावं. मी मधे पडून हिशेब वाचून दाखवला.

पेटी १,८०० रुपये. वेल्डिंग, पट्टी, कडी-कोयंडा ५००. चार फास्टनर १००. सात लिव्हरचं कुलूप ४५०. नंबरचं कुलूप २५०. नळीतून ओवून बांधायची कुलपाची केबल २५०. तेल आणि सिलिका जेल १५०. एकूण ३,५००.

अण्णा : केबल कशाला? तुकडे केलेत, पेटी आहे, कुलूप आहे.

सून : शेतावर नेताना किंवा पाहुण्यांच्या घरी असताना पेटी बरोबर नसते. मोडलेल्या बंदुकीच्या नळीतून केबल ओवली की ती मिटतच नाही. मिटत नाही म्हणजे उडत नाही. चापाच्या कडीत कुलूप अडकवण्यापेक्षा हे बरं. रिव्हॉल्व्हर असेल तर चक्री बाहेर काढून चौकटीतूनच साध्या कुलपाची कडी घालतात, बाबांनी दाखवलं होतं.

अण्णा : ठीक. साडेतीन हजार. एवढ्यात पटलं असं समज. पण एक सांग, मघाशी ‘घरच्यांसाठी’ म्हणालीस आणि गप्प बसलीस. पोरांसाठी म्हणायचं नव्हतं तुला.

सून : नव्हतं.

अण्णा : मग?

सून : इस्रायलच्या सैन्यात तरुण पोरं सुट्टीत रायफल घेऊन घरी जायची. २००६ मध्ये त्यांनी ठरवलं, आठवड्याच्या सुट्टीत हत्यार छावणीतच राहील. आत्महत्या जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या. पोरांची दुःखं तीच होती, अण्णा. फक्त त्या रात्री हाताशी काही नव्हतं. माणसाचं मन कायमचं फिरत नाही, थोडा वेळ फिरतं. तेवढा वेळ कुणीतरी काढून द्यावा लागतो. या गावात जमिनीला सोन्याचा भाव आला आणि सख्खे भाऊ बांधावरून बोलेनासे झाले. कुणाचं मन कधी फिरेल, सांगता येतं?

बराच वेळ फक्त झोपाळ्याच्या कड्या वाजत होत्या. मग अण्णा बोलले. हे त्यांनी याआधी कुणाला सांगितलं नसावं.

अण्णा : चुलतभावाशी बांधावरून झालं होतं. तुझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. त्याने चारचौघांत माझ्या बापाचं नाव काढलं. मी तसाच घरी आलो, बंदूक काढली, खण उघडला. खण रिकामा. तुझ्या सासूला विचारलं, काडतुसं कुठेत? ती चुलीपाशी होती. मागे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, आधी जेवून घ्या. मी ओरडलो. ती म्हणाली, भाकरी निवतेय. जेवलो. बसल्या जागी डोळा लागला. सकाळी उठलो तेव्हा… राग होता, पण पाय निघत नव्हते. चार दिवसांनी खण उघडला तर काडतुसं परत जागेवर. ती गेली त्या वर्षी तांदळाची कणगी रिकामी करताना तळाशी दोन काडतुसं सापडली. परत ठेवताना मोजायला चुकली होती बहुतेक.

सून : आईंनी एक पैसा खर्च केला नाही.

अण्णा : नाही. पण आता ती नाही. आणि काडतुसांची किल्ली मी तुझ्याकडेही देऊ शकत नाही. परवाना माझा, ताबा माझाच असायला हवा.

सून : म्हणून तर नंबरचं कुलूप. आकडे बारीक आहेत. रात्री, रागात, चष्म्याशिवाय तुम्हाला ते दिसणार नाहीत. आधी चष्मा शोधायचा, मग दिवा लावायचा, मग चार आकडे जुळवायचे.

अण्णा : चष्मा तर रोजच सापडत नाही.

दोघंही हसली. मलाही हसू आलं, पण मी ते हिशेबाच्या कागदात लपवलं. अण्णांनी कुलपाचा आकडा काय ठेवावा असं विचारलं तेव्हा सूनबाईंनी कान झाकले. वाढदिवस नको, गाडीचा नंबर नको, आणि मला सांगू नका, एवढंच म्हणाल्या.

खंडेनवमीला मी नमस्काराला गेलो. पाटावर विळा, कोयता, फावडं, पोराची कंपासपेटी आणि मधोमध बंदूक, तीन तुकड्यांत. नळ्यांना हळद-कुंकू, दस्त्यावर झेंडूचं फूल. काडतुसं कुठेच नव्हती. पोराने विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, “ती देवाला लागत नाहीत.” दसऱ्यानंतरच्या आठवड्यात वेल्डिंगवाला येऊन गेला.

खुंटीला आता छत्री असते. बंदूक इतकी वर्षं एका जागी टांगलेली होती, की तिच्यामागचा चुना धुराने काळा पडलाच नाही. भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा पट्टा अजून आहे. दिवाळीआधी भिंत पुन्हा सारवून चुना मारायचा, असं अण्णा म्हणतात.